सुखदेव, गोणपाटाचं मला आता कळलं

सुखदेव,

भांडण अर्धवट टाकून उठून जायचं, ही तुझी जुनीच खोड. चहाचा कप खाली ठेवायचा, चपला पायात सरकवायच्या आणि दारातून म्हणायचं, "उद्या सांगतो तुले." मी घरी बसून चांगली चार उत्तरं जुळवून ठेवायचो आणि दुसऱ्या दिवशी तू यायचास तो भलताच विषय घेऊन. या वेळीही तेच केलंस. फक्त उद्याची सोय ठेवली नाहीस.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला सांगितलं. आर्णीतली अर्धी माणसं मांडवात बसलेली, सगळे पांढऱ्या कपड्यांत, समोर तुझा तो कुणाच्या लग्नाच्या ग्रुपफोटोतून कापून मोठा केलेला फोटो. मी माईक हातात घेतला, "सुखदेव माणूस चांगला होता," एवढं म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं रमेशभाऊंचा गळा दाटून आला. तसं नव्हतं. मी तेव्हाही मनात तुझ्याशी भांडतच होतो. जेटचं भोक बरोबर होतं की नव्हतं, यावरून. माईकवर हे कसं सांगणार?

आता सांगतो. आता मला सगळं कळलं आहे.

तेल मिल बंद पडली तेव्हा बाकीच्यांना नोकरी गेल्याचं वाईट वाटलं, तुला तू सांभाळलेला बॉयलर गेल्याचं वाटलं. गॅसकटरनं त्याचे तुकडे होत होते आणि तू फाटकाशी उभा होतास, कोणी मयतीला उभं राहावं तसा. नंतर किती वर्षं तू पंपांच्या मोटारी बांधल्यास, कुलर दुरुस्त केलेस, पण वाफेचा विषय निघाला की तुझा चेहरा उजळायचा. मग कधीतरी मोबाइलवर तुला ती कुठल्या परदेशातली छोटी वाफेची बोट दिसली. म्हातारा-म्हातारी आरामात बसलेत, मध्ये एक उभा बॉयलर, बोट आपली फुकफुक करत चालली आहे. तो व्हिडिओ तू मला माझ्या शेगड्यांच्या दुकानात येऊन इतक्या वेळा दाखवलास की गिऱ्हाईकांनाही पाठ झाला.

"रमेशा, हे आपण बनवू," म्हणालास.

मी म्हटलं, आर्णीत लोकांना उन्हाळ्यात प्यायला पाणी मिळत नाही आणि तू बोट बनवून राह्यला! पण तू ऐकणाऱ्यातला कुठे होतास. पत्र्याची बोट जोडलीस, जाड पाइपाचा उभा बॉयलर केलास, जुन्या कॉम्प्रेसरमधून इंजिन काढलंस. बॉयलरच्या बाबतीत मात्र तू कसलीही गंमत चालू दिली नाहीस. थंड पाणी ठासून भरलंस, पंपानं दाब चढवत नेलास, चालवायचा त्याच्या दुप्पट, आणि एक थेंब कुठून सुटतो का ते बघत उकिडवा बसून राहिलास. सेफ्टी व्हॉल्व्ह तर तू घरातल्या माणसासारखा जपायचास. हे सगळं झालं आणि मग गाडी अडली ती जाळापाशी.

आधी तू पऱ्हाटी जाळून पाहिलीस. कापूस निघून गेल्यावर आपल्याकडे पऱ्हाटीला काय तोटा. अंगणात बॉयलर पेटवलास, वाफही चांगली धरली, पण धुराड्यातून ठिणग्या उडाल्या आणि दोरीवर वाळत घातलेल्या वच्छलावहिनींच्या लुगड्याला भोकं पडली. शिवाय गावाबाहेरच्या तळ्याच्या पलीकडे जायला जेवढी पऱ्हाटी लागली असती, तेवढी भरल्यावर बोटीत तुला बसायला जागा उरली नसती. दुसऱ्या दिवशी तू माझ्या दुकानात आलास. म्हणालास, जन्मभर लोकांच्या शेगड्या दुरुस्त करून राह्यला, आता माझ्या बॉयलरखाली एक शेगडी बसवून दे.

खरं सांगतो, मी त्या दिवशी फार खूश झालो होतो. दाखवलं नाही एवढंच.

पण खरी परवानगी माझ्या हातात नव्हती, तुझ्याही नव्हती. ती वहिनींच्या हातात होती. बोरी अरबला माहेरी असताना शेजारच्या बाईच्या स्टोव्हचा भडका झालेला त्यांनी लहानपणी पाहिला होता. तेव्हापासून घरात गॅस असूनही त्या काडी ओढताना तोंड वळवतात, हे मी तुझ्या घरची शेगडी दुरुस्त करायला यायचो तेव्हापासून बघत आलो. त्यांनी तुला स्पष्ट सांगितलं. या काठावरून त्या काठावर जाऊन परत यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ तो जाळ माझ्या डोळ्यांसमोर, अंगणात, नीट जळला पाहिजे. मगच बोट घराबाहेर काढायची. तू हो म्हणालास. वाद घातला नाहीस. मला तेव्हाच जरा नवल वाटलं होतं.

मग आपलं सुरू झालं. लग्नातले आचारी वापरतात तसला भट्टीचा बर्नर मी आणला. बॉयलरखाली विटा रचून तो बसवला. हॉटेलात असतं तसलं सिलेंडर, जास्त दाबाचं रेग्युलेटर, चांगली नळी, बर्नरपाशी एक वेगळा कॉक. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून पाहिलं. सिलेंडर कुठे ठेवायचं यावर आपण किती वेळ घातला! तुझं म्हणणं, बोटीच्या तळाशी आडवं ठेवू, वजन खाली राहील. मी म्हटलं, आडवं ठेवशील तर गॅसऐवजी पातळ रसच नळीत येईल आणि जाळ अंगावर येईल. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड. शेगडी गळली तर स्वयंपाकघराच्या दारातून तरी निघून जातो, बोटीला खाली दार नसतं, पाण्यासारखा तळाशी साचून राहील. म्हणून सिलेंडर उभंच, मागच्या फळीवर, उघड्यावर. हे तू ऐकलंस. पेटवायच्या रीतीवरून मात्र ऐकलं नाहीस. मी शेगडीवाला, माझं म्हणणं आधी काडी आणि मग गॅस. तू बॉयलरवाला, तुझं म्हणणं आधी भट्टीच्या पोटातली जुनी हवा बाहेर काढा, मग बाकीचं. शेवटी दोन्ही करायचं ठरलं. तू पुठ्ठ्यानं वारा घालायचास, मी लांब दांडीला बांधलेला पेटता बोळा पुढे करायचो आणि मग कॉक उघडायचा. वहिनी ओसरीवरून बघत असायच्या, पदर तोंडाशी धरून.

आणि मे महिना. आपल्याकडचा मे. वहिनींनी पहिल्याच दिवशी सिलेंडरवर ओला गोणपाट टाकला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माठाला ओला गोणपाट, कुलरला ओला वाळा, तापलेल्या टाकीला ओला गोणपाट. उन्हाळ्यात आपण जे जपायचं असतं ते ओलं करतो. माझ्या दुकानातल्या सिलेंडरवरही मी तेच करतो. वहिनी तांब्या घेऊन बाजूला उभ्या राहायच्या आणि गोणपाट सुकायला लागला की त्यावर पाणी घालायच्या. त्यांच्या हाताला काहीतरी काम मिळालं, असं वाटून मला बरंच वाटलं.

जाळ पेटला की कसा निळाशार, भसाभस! तू माझ्याकडे बघून मान हलवायचास. काटा चढायला लागायचा. आणि चांगली वाफ धरली न धरली तोच जाळ बसायला लागायचा. आधी आवाज कमी व्हायचा, मग उंची, मग शेंड्याला पिवळा. वहिनी म्हणायच्या, "हे पाहा, बसला." आणि आत निघून जायच्या. त्या दिवसाची परीक्षा संपली.

मी म्हणायचो जेट. तू म्हणायचास गॅस. माझं म्हणणं, जेटचं भोक, जिथून गॅस बर्नरमध्ये शिरतो ते, या बर्नरला लहान पडतं, कचरा धरतं. तुझं म्हणणं, घरगुती असो की हॉटेलचं, या सिलेंडरात दोन गॅस मिसळलेले असतात, त्यातला हलका आधी उडून जातो आणि भारी मागे कुथत बसतो, त्यात बॉयलर ओढायचा दम नाही. नुसता तो हलका, प्रोपेन पाहिजे. मी चिडायचो. अरे, लग्नात याच गॅसवर हजार माणसांचं वरण शिजतं! मी जेट बदललं. भोक मोठं केलं. परत लहान केलं. बर्नर सोडून धुतला, तारेच्या ब्रशनं घासला, हवेची झडप मागेपुढे केली. अख्खा उन्हाळा माझी बोटं काळी होती. माझी बायको म्हणाली, घरची शेगडी महिनाभर एका बाजूनं जळून राह्यली, तिच्याकडे बघायला यांना सवड नाही.

मग एक दिवस तू मला न सांगता यवतमाळला गेलास आणि लोखंड कापणाऱ्यांकडून प्रोपेनचं सिलेंडर घेऊन आलास, त्याला चालणाऱ्या रेग्युलेटरसकट. मी सगळे जोड पुन्हा तपासले, तोंड फुगवूनच. पेटवलं. जाळ निळा. वाफ धरली, जाळ निळा. इंजिन फिरायला लागलं, अंगणातल्या कोंबड्या पळाल्या, जाळ निळा. वहिनींनी गोणपाटावर तांब्याभर पाणी घातलं, आणखी एकदा घातलं, तरी निळाच. शेवटी त्या म्हणाल्या, "आता जा कुठी जायचं त."

तू त्यानंतर जो माज केलास, सुखदेव! भेटेल त्याला सांगितलंस, रमेशाचं जेट हरलं, माझा गॅस जिंकला. मी म्हटलं, माझं जेट बरोबर होतं, काहीतरी तिसरंच आहे, मी शोधून काढीन. तू हसलास आणि कप खाली ठेवलास. "उद्या सांगतो तुले."

तळं तेव्हा कोरडं होतं. बोट तयार आणि पाणी नाही. पाऊस झाला, तळं भरत गेलं, तू रोज सायकलनं जाऊन पाण्याची खूण बघून यायचास. बोट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवायचंही ठरलं होतं. सोयाबीन निघू दे, ट्रॅक्टर मोकळा होऊ दे, एवढ्यावर थांबलं होतं. आणि मग तू गेलास. दुपारी जेवून आडवा झालास, तो उठला नाहीस. मी आलो तेव्हा तुझ्या ताटातली अर्धी भाकर झाकून ठेवलेली होती. मला राग आला होता. दुःख नंतर झालं, आधी रागच आला.

पुण्यानुमोदन झाल्यावर आठवडाभरानं मी तुझ्या घरी गेलो. मनात एवढंच होतं की वहिनींना गॅसची भीती, घरात त्या एकट्या, तेव्हा ते प्रोपेनचं सिलेंडर उचलून नेऊ. बोट अंगणातच होती, वर ताडपत्री. ताडपत्री सारली आणि बघतो तर गोणपाट ओला. दिवाळीच्या आधीचे दिवस, सकाळी अंगात स्वेटर घालावा असा गारवा, आणि गोणपाटातून पाणी टपकतंय.

मी विचारलं, वहिनी, आता कशाला? त्या म्हणाल्या, सवय लागली. तुळशीला पाणी घालतात लोक, मी याला घालते.

मी गोणपाट काढला आणि सिलेंडरला हात लावला. गारेगार. विहिरीतल्या घागरीसारखं गार. आणि सुखदेव, माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. सिलेंडरात गॅस पातळ असतो, तो उकळून वर येतो, आणि उकळायला त्याला ऊब लागते. मोठा बर्नर भराभर गॅस ओढतो तेव्हा सिलेंडर आधीच गार पडत जातं. त्यावर ओला गोणपाट! उरलीसुरली ऊब तो गोणपाट चोरत होता. उघडं असतं तर त्याला घाम फुटलेला मला दिसला असता, शेगडीवाल्याला ते सांगावं लागत नाही. पण ओल्या गोणपाटाखाली घाम दिसणार कसा? जेट बरोबर होतं. हॉटेलचा गॅसही बरोबर होता. आपण दोघं भलत्याच ठिकाणी भांडत होतो.

मला इतका आनंद झाला की पहिल्यांदा तुलाच हाक मारायला तोंड उघडलं. मग आठवलं.

वहिनींना सांगणारच होतो. "वहिनी, हा गोणपाट..." इथपर्यंत आलोही होतो. त्यांना वाटलं मी तो काढून ठेवतोय. त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि परत सिलेंडरवर घालत म्हणाल्या,

"राहू द्या भाऊ. काढला का माह्या जीव थाऱ्यावर राह्यत नाई. एक दिवस त्याईनं काढलता. तुमी नोहते तवा. मी दळण घेऊन आली त पाहते, सिलेंडर उघडं अन् जाळ हा एवढा मोठा, भसभस करून राह्यला. अन् हे बाजूले उभे राहून हासून राह्यले. मी रडाले लागली. मंग त्याईनं जाळ बंद केला, स्वतः गोणपाट भिजवला, नीट घातला, अन् म्हणे, चुकलं माह्यं, आता नाई काढत. तुले धीर येते ना याच्यानं, मंग राहू दे. अन् रमेशले काई सांगू नको, थो हासीन."

मी विचारलं, मग?

"मंग काय. दुसऱ्याच दिवशी यवतमाळले गेले अन् हे नवं सिलेंडर आणलं."

मी तिथेच बोटीच्या काठावर बसलो. लेकाच्या! तुला माहीत होतं. तू एकदा गोणपाट काढून पाहिलास, जाळ टिकला, तुला उत्तर मिळालं. एक शब्द बोलला असतास की तुझं माझं भांडण त्या क्षणी मिटलं असतं. वहिनींना सांगितलं असतंस की बाई, तुझ्या या गोणपाटामुळेच सगळं अडलंय, तर त्यांनी तो काढलाही असता, आणि मग ओसरीवर बसून नुसत्या थरथरत राहिल्या असत्या. ते तुला नको होतं. चूक गोणपाटाची होती आणि तू गोणपाट नाही बदललास, गॅस बदललास. नुसता प्रोपेन थंडीतही उकळतो, ओल्या गोणपाटाखालीही उकळतो. वहिनींना हवं तेवढं पाणी घालू दे. आणि वर मलाच गावभर हरवून आलास, खरं कारण कोणी शोधायलाच जाऊ नये म्हणून.

मला आधी हसू आलं, मग रडू आलं, चांगलं मोठ्यानं. वहिनी पाणी घेऊन आल्या. त्यांना वाटलं तुझी आठवण झाली. ते खरंच होतं.

इतक्या वर्षांत तुला कधी म्हटलं नाही ते म्हणतो. मला शेगड्यांतलं कळतं, माणसांतलं कमी कळतं. तुझ्यासोबत बसलो म्हणून थोडं कळायला लागलं. तू असतास तर म्हणाला असतास, "पुस्तकी नको बोलू बे." नाही बोलत.

सिलेंडर नेतो असं मी वहिनींना म्हणालो, तेव्हा त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, तळं भरलेलं आहे, बोट तयार आहे, तुम्ही शेगडीवाले आहात. ते रोज पाणी बघायला जायचे. एकदा चालवा. मी म्हटलं, बरं, मी चालवतो, तुम्ही काठावर थांबा. तर म्हणाल्या, काठावर कायले? मी बोरी अरबची, अडाण नदीच्या डोहात पोहली. पाण्याचं भेव मले नाई, जाळाचं हाये. अन् त्याच्यासाठी तांब्या हाये माह्याजवळ.

काल गेलो. मला पोहता येत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून मी ट्रकची ट्यूब कमरेला घालून बसलो होतो आणि काठावरचे लोक बोटीपेक्षा मलाच जास्त बघत होते. सगळे जोड साबणाच्या पाण्यानं तपासले. आधी पुठ्ठ्यानं वारा घातला, तुझ्या रीतीनं. मग काडी, मग गॅस, माझ्या रीतीनं. वाफ धरायला वेळ लागला. वहिनी माझ्यासमोर, मागच्या फळीवर, सिलेंडरच्या अगदी जवळ बसल्या होत्या. पेटवताना त्यांनी तोंड वळवलं नाही. मी मुद्दाम बघितलं.

इंजिन फिरलं. बोट हलली. फार जोरात नाही जात रे ती, काठावरची म्हैस आमच्यापेक्षा पुढे होती. पण गेली. तळ्याच्या मधोमध आल्यावर वाऱ्यानं गोणपाट सुकायला लागला. वहिनी तांब्या काठावरच विसरल्या होत्या. त्यांनी बाजूला वाकून ओंजळीनं तळ्यातलं पाणी घेतलं आणि गोणपाटावर घातलं. परत घेतलं, परत घातलं. मग माझ्याकडे बघून विचारलं,

"रमेशभाऊ, याच्यानंच बरं जळते ना हे?"

मी बर्नरकडे बघितलं. निळा होता.

"हो वहिनी," मी म्हटलं, "याच्यानंच."